स्मॉलवेक: छोट्या याद्यांसाठी उत्तम, पण एन मोजून ठरवा

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतला साधा वेक (वाढू शकणारी यादी) ६४-बिट यंत्रावर २४ बाइटचा असतो: पॉइंटर (डेटाचा पत्ता), कपॅसिटी (किती घटक मावतात), लांबी (किती घटक आहेत), प्रत्येकी ८. पहिला घटक टाकला की हीपवर (प्रोग्राम चालताना मागून घ्यायच्या मेमरीत) अलोकेशन, म्हणजे जागेची मागणी. दोन-तीन घटकांच्या लाखो याद्या बनवणाऱ्या प्रोग्रामचा वेळ तिथेच जातो. सर्व्हो प्रकल्पातून आलेली स्मॉलवेक लायब्ररी पहिले एन घटक (हा आकडा आपण ठरवायचा) स्वतःच्या पोटातच ठेवते. त्याहून जास्त झाले तर सगळे हीपवर हलवते.

तिची सर्वांत देखणी करामत म्हणजे युनियन फीचर, म्हणजे एकच जागा दोन कामांना वापरण्याची सोय. ते आपोआप चालू होत नाही, कार्गो या रस्टच्या पॅकेज साधनाच्या फाइलमध्ये मागावं लागतं. मग हीपच्या पॉइंटर आणि लांबीसाठीचे १६ बाइटच आतल्या घटकांना मिळतात. कपॅसिटीचा आकडा एनपेक्षा मोठा असेल तर डेटा हीपवर. नसेल तर तोच आकडा लांबी म्हणून वाचायचा. त्यामुळे दोन यू६४ (८ बाइटचे पूर्णांक) मावणारा स्मॉलवेक वेकइतकाच, २४ बाइटचा राहतो. फीचर बंद असेल तर एनमच्या (दोन पर्यायांपैकी एक ठेवणाऱ्या टाइपच्या) टॅगमुळे ३२.

एन उगाच मोठा ठेवला तर फायदा उलटतो. मूव्ह करताना (यादी एका जागेवरून दुसरीकडे देताना) आतली जागाही कॉपी होते आणि यादी हीपवर गेल्यावर ती जागा नुसती अडून राहते. खऱ्या डेटावर स्पिल्ड मेथडने किती याद्या बाहेर सांडतात ते मोजा, मग एन ठरवा. शिवाय प्रत्येक वापरात 'आत की हीपवर' ही तपासणी असते. घट्ट लूपच्या आधी एकदाच स्लाइस (घटकांच्या सलग भागाचा संदर्भ) काढून घ्या.

जेनेरिक्सची (टाइपनुसार बदलणाऱ्या कोडची) किंमतही आहे. एन चार असलेला आणि एन आठ असलेला स्मॉलवेक हे वेगळे टाइप, म्हणून कंपायलर दोघांसाठी वेगळा कोड काढतो. फंक्शनला स्लाइसच द्या.

आवृत्ती मात्र १.६.१ च्या खालची नको. त्याआधीच्या इन्सर्ट मेनीमध्ये (एकदम अनेक घटक घालणाऱ्या मेथडमध्ये) बफर ओव्हरफ्लो होता: इटरेटरची (एकेक घटक पुरवणाऱ्याची) साइझ हिंट, म्हणजे किती घटक येतील याचा अंदाज, कमी निघाली की लेखन बफरबाहेर जायचं. सुरक्षित कोडही चुकीची हिंट देऊ शकतो, त्यामुळे अनसेफ कोडने (ज्याच्या मेमरी-सुरक्षेची हमी कंपायलर देत नाही) तिच्यावर विसंबणं ही गंभीरच चूक.

कमाल मर्यादा पक्की असेल तर अ‍ॅरेवेक घ्या, हीपचा प्रश्नच नाही. पण भरल्यावर पुश (घटक जोडणारी मेथड) पॅनिक करतो, म्हणजे प्रोग्राम थांबवतो, म्हणून ट्राय पुश वापरा. अनसेफ अजिबात नको असेल तर टायनीवेक. त्याला घटकाच्या टाइपवर डिफॉल्ट ट्रेट (ठरलेलं सुरुवातीचं मूल्य देण्याची क्षमता) लागतो.