पाण्यातला सीओटू मोजायचा प्रोब, उजनीत आठ महिने बुडवल्यावर

कंपनीचं नाव लिहीत नाही, या टाइपचे प्रोब आतून बरेचसे सारखेच असतात. टेफ्लॉनची पांढरी नळी, तिच्यातून गॅस आत जातो पण पाणी जात नाही, आणि आत इन्फ्रारेड सेन्सर.

आधी आम्ही टायट्रेशनच करायचो, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या काचेच्या नळीतून पाण्यात अल्कली थेंबथेंब सोडायची आणि पाणी गुलाबी होईपर्यंत किती लागली त्यावरून सीओटू काढायचा. उजनीत दुपारी शेवाळ जोरात असलं की पीएच 8.3 च्या वर, मग फिनॉल्फ्थॅलीन हा रंग बदलणारा दर्शक पडल्या पडल्या पाणी गुलाबी आणि वहीत लिहायचं 'शून्य'. आता शून्य कसं असेल, पण पद्धतच तशी. हवेशी बरोबरीत आलेल्या 25 डिग्रीच्या पाण्यात मुळात लिटरला 0.6 मिलिग्रॅमच्या आसपास सीओटू असतो, आणि 100 मिली सॅम्पलला ब्युरेटचा एक थेंब जास्त पडला की अर्ध्या मिलिग्रॅमचा फरक, म्हणजे संपलंच की.

प्रोबने पहिल्याच रात्री पैसे वसूल केले. दुपारी आकडा हवेतल्या साधारण 420 पीपीएमच्याही (दहा लाख भागांत 420) खाली, म्हणजे धरण हवेतून गॅस ओढतंय, आणि पहाटे तोच कितीतरी वर, कारण रात्री शेवाळ नुसता श्वास घेतं. पहाटे चारला ब्युरेट घेऊन होडीत कोण बसणार?

आता त्रास. एक म्हणजे हा भयंकर स्लो आहे, खोली बदलली की आकडा स्थिर व्हायला वीस-पंचवीस मिनिटं, तोवर होडीवाले मामा तीनदा विचारतात, "ताई, झालं का, जाळी ओढायचीत." दुसरं, आणि हे कुणी सांगत नाही, तिसऱ्या आठवड्यात नळी हिरवी बुळबुळीत होते आणि तो थरच रात्री सीओटू सोडतो, म्हणजे तुम्ही धरण नाही, नळीवरची घाण मोजताय! मी बादलीत धरणाचंच पाणी घेऊन पुसायच्या आधी आणि नंतर रीडिंग घेतलं, फरक बघून मागचा अख्खा आठवडा डेटातून उडवला. आता शेवाळ धरू नये म्हणून तांब्याची जाळी गुंडाळते, दर दहा दिवसांनी मऊ फडक्याने पुसते. शिवाय प्रोबचा आकडा पडताळायला महिन्यातून एकदा सिरिंज चेक, 30 मिली पाणी, 30 मिली हवा, दोन-तीन मिनिटं दणकून हलवायचं आणि वरची हवा लॅबच्या जीसीला, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफला. पाण्याचं टेंपरेचर तेव्हाच लिहा, नंतर आठवत नाही.

मे महिन्यात एका फांदीने नळी फाटली, सेन्सर मेला. विक्रेता म्हणाला वॉरंटीत बसत नाही. दुसरा तोच घेतलाय, सोबत दोन जास्तीच्या नळ्या.