छिद्रं बरोबर, सुखतळा चूक: पाणी सोडणाऱ्या रनिंग शूजचा बारा महिन्यांचा अनुभव

हे बूट मागच्या जूनमध्ये सेलमध्ये ७,४९९ रुपयांना घेतले. वजन, ड्रॉप (टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक), फोम वगैरे माहिती सगळीकडे मिळते, ती पुन्हा लिहीत नाही. मी ते एकाच गोष्टीसाठी घेतले होते: तळव्याच्या कमानीजवळ, दोन्ही बाजूंना, पाणी निघून जाण्यासाठी असलेली छिद्रं. पाय ओले राहिले की मला हमखास फोड येतात आणि तीस किलोमीटरनंतर सगळी शर्यत त्या फोडांभोवतीच फिरते.

नागपुरात पावसाने बूट भिजतात ते दोन-तीन महिने. बाकीचं वर्ष आपणच ते भिजवतो. फेब्रुवारी उलटला की सकाळी आठनंतर डोक्यावर पाणी ओतल्याशिवाय धावणं होत नाही. ते पाणी मानेवरून पाठीवर, पाठीवरून पोटऱ्यांवर आणि तिथून थेट मोज्यात उतरतं. म्हणून वॉटरप्रूफ बूट आपल्या कामाचे नाहीत. पाणी वरून, घोट्याकडून आत येतं आणि मग त्याला बाहेर जायला वाटच राहत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये मी या बुटांवर खूश होते. फुटाळा, सेमिनरी हिल्स, परत अंबाझरीकडून घर, असे दहा-पंधरा किलोमीटर भर पावसात केले. डबक्यात पाय पडला की बाजूने पाण्याची चिळकांडी उडायची. ग्रुपवर मीच दोघींना हे बूट घ्यायला सांगितलं. तो सल्ला अपुऱ्या अनुभवावर दिला होता, त्या दोघींची इथे माफी मागते.

फेब्रुवारीत नागपूरबाहेर एक शर्यत होती, बारा तासांत जमतील तितक्या फेऱ्या मारायची. दर दोन फेऱ्यांनी डोक्यावर पाण्याचा मग रिकामा करत होते. ४० किलोमीटरपर्यंत सगळं ठीक होतं. ४६ ला डाव्या चवड्याखाली जळजळ सुरू झाली आणि ५२ ला बसावंच लागलं. बूट काढला, तो वरून जवळजवळ कोरडा. जाळी कोरडी, छिद्रं मोकळी. मग सुखतळा ओढून काढला आणि सहज पिळला. राखाडी पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पुन्हा पिळला, पुन्हा पाणी. चवड्याची कातडी पांढरीफटक, सुरकुतलेली, आणि तिच्याखाली रुपयाएवढा फोड. माझी शर्यत तिथेच संपली.

घरी आल्यावर पहिले तीन आठवडे मी कंपनीशी भांडण्यात घालवले. पहिलं उत्तर आलं की ओलाव्यामुळे होणारा त्रास हा उत्पादनातला दोष धरला जात नाही. मी लिहिलं, बदलून नको, पैसे परत नकोत, फक्त पाणी न पिणारा सुखतळा विकत द्या. त्यावर उत्तर, सुखतळे सुटे विकत नाही. पाणी बाहेर जाईल असं सांगून बूट विकायचा आणि आत स्पंज घालून द्यायचा, याचा मला अजूनही राग आहे.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. कोरडा बूट २६८ ग्रॅम. बादलीत बुडवून, घालून, दहा मिनिटं धावून आल्यावर ३४४. म्हणजे ७६ ग्रॅम पाणी आतच. कोरडा सुखतळा २१ ग्रॅमचा, तोच ओला ६८ भरला. ७६ पैकी ४७ ग्रॅम पाणी एकट्या सुखतळ्यात. कारण सरळ आहे. या सुखतळ्याचा फोम उघड्या छिद्रांचा असतो, एकातून दुसऱ्यात वाट असलेला, भांडी घासायच्या स्पंजासारखा. पाय पडला की पाणी दाबलं जातं, उचलला की तेच परत शोषलं जातं. बाजूच्या छिद्रांपर्यंत ते पोचतच नाही.

कातडी ठणठणीत कोरडी असली तर कमी घासते आणि पूर्ण पाण्यात असली तरीही कमी घासते. सगळ्यात जास्त घासते ती ओलसर असताना. हा सुखतळा पायाला तासन्तास नेमकं त्याच अवस्थेत ठेवतो. पावसात दीड तासात घरी परत येत होते, म्हणून जुलैत हे कळलंच नाही.

छिद्रांची कल्पना जुनी आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांच्या जंगल बुटांना तळाशी आतल्या बाजूला पाणी निघायला जाळी लावलेली दोन भोकं असायची. पण त्याच बुटात सुखतळाही वेगळा होता, सरन नावाच्या प्लास्टिकच्या धाग्यांची विणलेली जाळी, पाणी न पिणारी आणि पायाखाली हवेला जागा ठेवणारी. भोक आणि सुखतळा ही जोडी आहे हे तेव्हाही माहीत होतं. कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्स या १०० मैलांच्या शर्यतीत ७८ व्या मैलाजवळ ‘अमेरिकन रिव्हर’ नावाची नदी ओलांडावी लागते, आणि बरेच जण पलीकडे गेल्यावर कोरडे मोजे-बूट चढवतात. आपल्या शर्यतीत दुसरी जोडी घेऊन कोणी उभं नसतं, म्हणून आहे त्याच बुटाने पाणी सोडलं पाहिजे.

मार्चमध्ये सीताबर्डीला चपलेचा अंगठा शिवायला गेले होते, सुखतळाही सोबत नेला. मोचीकाकांनी तो बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाले, "ताई, हे तं पानी पेते. पायाखाली हे काऊन ठेवता? चपलीच्या शीटचं कापून देतो." त्यांच्याकडे स्लिपरची तीन मिलिमीटरची घट्ट शीट होती. जुना सुखतळा वर ठेवून खडूने आखलं, रापीने कापलं, पट्ट्याला भोकं पाडायच्या पंचाने चवड्याखाली आणि कमानीत मिळून चौदा भोकं पाडली. मग मी न सांगताच काकांनी शीट उलटी केली आणि रापीच्या टोकाने तीन उथळ चरे ओढले, चवड्यापासून बाजूच्या छिद्रांपर्यंत. "पान्याले उतार पायजे," एवढंच म्हणाले. दोन्ही पायांचे मिळून साठ रुपये.

घरी तीच बादली, तीच दहा मिनिटं. नवीन सुखतळ्यासह कोरडा बूट २५९, धावून आल्यावर २९१. ७६ च्या जागी ३२ ग्रॅम. इथे मला मत बदलावं लागलं, कारण भांडणाच्या तीन आठवड्यांत मी छिद्रं म्हणजे नुसता देखावा आहे असं सगळ्यांना सांगत होते. ते चूक होतं. छिद्रं उत्तम काम करतात. एप्रिलमध्ये पहाटे चारला निघून ३५ किलोमीटरच्या दोन फेऱ्या केल्या, शेवटच्या दहा किलोमीटरांत पाणी ओतत. पहिल्या वेळी एक लहान फोड, दुसऱ्या वेळी काहीच नाही.

तोटेही आहेत. पातळ शीटमुळे बूट थोडा सैल होतो, घोट्याजवळचं शेवटचं छिद्र वापरून लेस आवळावी लागते. दोनशे किलोमीटरनंतर शीट चेपते आणि बदलावी लागते. कमानीला आधार लागतो म्हणून डॉक्टरांनी ज्यांना खास सुखतळा दिला असेल, त्यांनी हे करू नये. गोरेवाड्याच्या मातीत मात्र छिद्रांतून मुरमाची बारीक रेती आत येते, आणि ओल्या मोज्यावर ती पॉलिशपेपरसारखी लागते. तिथे मी हे बूट नेत नाही.

मोजे सुती नकोत, पातळ नायलॉनचे घ्या. पाणी ओतताना उभं राहू नका. कमरेत वाका, मानेच्या मागे ओता, म्हणजे ते कानांवरून, नाकावरून रस्त्यावर पडतं, पायाकडे येत नाही. माझ्या मते अर्धा फरक याच एका सवयीने पडतो.

वाळवण्याबद्दल. मे महिन्यात एकदा बूट गच्चीवर उन्हात ठेवले आणि टोकाचा डिंक सुटला, तो दोष माझाच. आता सुखतळा बाहेर काढून बुटात वर्तमानपत्र कोंबते, तासाभराने कागद बदलते आणि बूट कूलरसमोर ठेवते, पंप बंद, नुसता पंखा चालू. पावसाळ्यातही संध्याकाळी ठेवलेले बूट पहाटे घालण्याइतके कोरडे होतात.

आतापर्यंत ७८० किलोमीटर झाले, तळ अजून शाबूत आहे. सेल लागला होता, कालच तीच जोडी पुन्हा मागवली. आली की घरी उघडायच्या आधी सीताबर्डीला नेणार आहे. काकांनी शीट राखून ठेवली आहे.