साठ किलोवॅटची वीज आणि अमेरिकेचा केंद्रीय परवाना : फोर्टमधील एका सल्लासेवेचा अनुभव

माझा भाचा बरीच वर्षे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याने तिथल्या एका लहान गावात बंद पडलेली लोकरीची गिरणी विकत घेतली आणि तिच्यासोबत जुना दगडी बंधारा, गिरणीकडे येणारा पाट आणि तळघरात गंजत पडलेले एक टर्बाइन हेही त्याच्या नावावर झाले. तिथे साठ किलोवॅटचा नवा संच बसवावा, वीज आधी इमारतीत वापरावी आणि उरलेली वीज कंपनीच्या तारांत सोडावी, असा त्याचा विचार आहे. माझी सारी नोकरी वीजनिर्मितीत गेली असल्यामुळे "मामा, याला परवानगी नक्की कोणाची लागेल?" हा प्रश्न त्याने मला विचारला.

मला आपल्याकडचे नियम माहीत आहेत, तिथले नव्हते. म्हणून परदेशी जलविद्युत प्रकल्पांची कागदपत्रे तयार करून देणाऱ्या फोर्टमधील एका सल्लागार कार्यालयाकडे मी हे काम दिले. त्यांच्या पहिल्या मसुद्यातील एका मोठ्या चुकीबद्दल मला स्पष्टपणे लिहायचे आहे, त्यामुळे कार्यालयाचे नाव इथे देत नाही. परंतु अशा प्रकारची सेवा घेऊ इच्छिणाऱ्याला कशाची अपेक्षा ठेवावी आणि काय तपासून पाहावे, हे कळावे म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

फी नव्वद हजार रुपये ठरली, निम्मी आगाऊ. सहा आठवड्यांत अहवाल देण्याचे कबूल केले होते, हातात आला तो नऊ आठवड्यांनी.

पहिला मसुदा वाचून मी निराश झालो. त्यात लिहिले होते की प्रकल्प केवळ साठ किलोवॅटचा आहे, अमेरिकेत दहा मेगावॅटपर्यंतच्या प्रकल्पांना परवान्यातून सूट आहे, सबब केंद्र सरकारच्या कोणत्याही मंजुरीची आवश्यकता नाही. ही चूक कुठून आली असावी हे मला कळत होते, कारण आपल्याकडे विचार करण्याची सवयच तशी आहे. भारतात पंचवीस मेगावॅटपर्यंतचा जलविद्युत प्रकल्प 'लघु' गणला जातो. २००३ च्या विद्युत कायद्याच्या सातव्या कलमानुसार वीजनिर्मितीला परवाना लागत नाही, आणि आठव्या कलमानुसार केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सहमती लागते ती भांडवली खर्चाची ठराविक मर्यादा ओलांडणाऱ्या जलविद्युत योजनांना. म्हणजे प्रकल्प केवढा आहे आणि त्यावर खर्च किती होणार, हेच आपल्याकडे पहिले प्रश्न. अमेरिकेत पहिला प्रश्न वेगळा आहे, आणि मसुदा लिहिणाऱ्याने तो विचारलाच नव्हता.

मी आक्षेप लिहून पाठवले आणि प्रत्यक्ष भेटीची वेळ मागितली. या भेटीपासून पुढे मात्र त्यांच्या कामाबद्दल माझे मत पूर्णपणे बदलले. जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत एका तरुण अभियंता बाईंनी भाच्याने पाठवलेली सगळी छायाचित्रे टेबलावर मांडली. टर्बाइनच्या ओतीव पट्टीचा फोटो त्यांनी भिंगाखाली धरून वाचला, मग एका कोऱ्या कागदावर बंधारा, पाट, टर्बाइन, जनित्र आणि रस्त्यावरच्या विजेच्या खांबापर्यंतची तार अशी आकृती पेन्सिलीने काढली आणि कोपऱ्यात एकच तारीख लिहिली : २६ ऑगस्ट १९३५. "साहेब, तुमचा आक्षेप बरोबर आहे. आम्ही आकड्यापासून सुरुवात केली, तारखेपासून करायला हवी होती," असे त्या सरळ म्हणाल्या. चूक इतक्या मोकळेपणाने कबूल करणारे सल्लागार मला फार भेटलेले नाहीत.

त्यानंतर त्यांनी समजावून दिलेला आणि अंतिम अहवालात पूर्ण लिहिलेला भाग असा. अमेरिकेत १९२० साली जलविद्युत परवान्यांसाठी केंद्रीय आयोग स्थापन झाला. १९३५ मध्ये त्याच कायद्याचा विस्तार होऊन त्याला फेडरल पॉवर ॲक्ट हे नाव मिळाले, आणि १९७७ च्या कायद्याने ते अधिकार फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशन या आजच्या आयोगाकडे आले. या कायद्याच्या तेविसाव्या कलमानुसार खासगी प्रकल्पाला परवाना बंधनकारक ठरतो तो चारपैकी कोणत्याही एका कारणाने : प्रकल्प नौकानयनयोग्य नदीवर असेल, केंद्र सरकारच्या जमिनीवर असेल, सरकारी धरणाचे पाणी किंवा जलशक्ती वापरत असेल, अथवा नदी नौकानयनयोग्य नसली तरी १९३५ च्या त्या तारखेला किंवा तिच्यानंतर त्यावर बांधकाम झालेले असेल आणि प्रकल्पाचा आंतरराज्यीय व्यापारावर परिणाम होत असेल. या चारही कसोट्यांत किलोवॅटचा उल्लेख कुठेही नाही.

भाच्याची नदी लहान आहे. उन्हाळ्यात तिच्यात गुडघाभर पाणी असते, आणि त्यामुळे ती नौकानयनयोग्य नाही असे त्याने धरूनच चालले होते. अहवालाने ही समजूतही तपासली. अमेरिकी न्यायालयांच्या मते नदी आज कशी आहे एवढेच महत्त्वाचे नसते. १९२१ साली डेस प्लेन्स नदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या काळी कातड्यांचे व्यापारी होड्यांतून तिच्यावरून जात असत याला महत्त्व दिले, आणि १९४० साली न्यू नदीच्या प्रकरणात तर वाजवी सुधारणा करून जी नदी नौकानयनयोग्य करता येईल तीही या व्याख्येत धरली. ओंडके पाण्यावर तरंगवत खाली नेले जात होते का, हेही पाहिले जाते. कार्यालयाने त्यासाठी त्या गावाचा जुना स्थानिक इतिहास आणि आयोगाच्या संगणकीय ग्रंथालयातील त्या नदीखोऱ्याची कागदपत्रे चाळली. हे ग्रंथालय कोणालाही विनामूल्य पाहता येते. मुंबईत बसून एवढे खोलवर काम करता येते ते त्यामुळेच. नदीबाबत नौकानयनाचा पुरावा सापडला नाही, आणि "सापडला नाही" व "नाही" यांतील अंतर अहवालात प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

उरली चौथी कसोटी. अहवालाचा सर्वांत चांगला भाग हाच आहे. गिरणीचा बंधारा एकोणिसाव्या शतकातला आहे, म्हणजे १९३५ च्या बराच आधीचा, म्हणून प्रकल्प जुना व मुक्त, असे भाच्याला वाटत होते. परंतु टर्बाइन कित्येक दशके बंद आहे. सोडून दिलेला प्रकल्प पुन्हा उभा करणे हे १९३५ नंतरचे बांधकामच ठरते, असा निर्णय चौथ्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयाचा प्रादेशिक विभाग) अपील न्यायालयाने १९८८ साली ॲक्वेनर्जी प्रकरणात दिलेला आहे. शिवाय भाच्याच्याच राज्यातले एक उदाहरण त्यांनी दिले. मोजमापाच्या उपकरणांसाठी आपल्या इथल्या कारागिरांनाही परिचित असलेल्या स्टॅरेट कंपनीचा अ‍ॅथॉल गावात मिलर्स नदीवर जुना प्रकल्प आहे. तिथे यंत्र बदलून क्षमता वाढवण्याचा बेत होता, आयोगाने त्याला परवाना लागेल असे ठरवले आणि २०११ मध्ये पहिल्या सर्किटच्या न्यायालयाने आयोगाचा निर्णय कायम केला. हे प्रकरण वाचल्यावर भाच्याने फोनवर बराच वेळ काहीच उत्तर दिले नाही.

व्यापारावर परिणाम कसा होतो, हे समजायला मलाही वेळ लागला. एका गिरणीची साठ किलोवॅट वीज आंतरराज्यीय व्यापारात काय उलथापालथ करणार? परंतु १९६५ साली मिसुरीतील टॉम सॉक प्रकल्पाबाबत सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की राज्याच्या सीमेपलीकडे जाणारी वीज निर्माण करणे हाच व्यापारावरील परिणाम आहे, त्यासाठी खालच्या नदीतील नौकानयनाला बाधा पोचलीच पाहिजे असे नाही. पुढे १९९२ मध्ये जॉर्जियातील हॅबरशॅम मिल्स या कापडगिरणीच्या प्रकरणात लहान प्रकल्पालाही हेच सूत्र लागू झाले. तारांच्या जाळ्याशी जोडलेल्या गिरणीने स्वतःची वीज स्वतः वापरली तरी तेवढी वीज ती बाहेरून घेत नाही, आणि अशा अनेक लहान प्रकल्पांचा एकत्रित परिणाम लक्षात घ्यावा लागतो. माझे वडील लालबागच्या गिरणीत जॉबर होते. १९१५ साली खोपोलीहून पाण्यावरची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, तो इतिहास आमच्या घरात सांगितला जात असे. त्यामुळे जॉर्जियातली कापडगिरणी, तिचा बंधारा आणि न्यायालयातला वाद मला परका वाटला नाही. पेन्सिलीच्या त्या आकृतीत खांबापर्यंत जाणारी तार एवढ्या जाड रेषेने का काढली होती, हेही तेव्हाच उमगले. ती तार जोडली नाही, तर प्रश्न बराच वेगळा होतो.

मग दहा मेगावॅटची सूट म्हणजे काय? तीही अहवालात नीट मांडली आहे. १९८० च्या कायद्याने आलेली पाच मेगावॅटची मर्यादा २०१३ मध्ये दहा मेगावॅट झाली. परंतु ही सूट परवान्यापासून आहे, आयोगाच्या अधिकारक्षेत्रापासून नाही. तिच्यासाठी आयोगाकडे अर्ज करावाच लागतो, मत्स्य व वन्यजीव खात्यांनी घातलेल्या अटी बंधनकारक असतात आणि जमिनीचे हक्क आधीच हातात असावे लागतात, कारण परवानाधारकाला मिळणारा सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार सूटधारकाला मिळत नाही. त्या बदल्यात सूट कायमची असते, तर परवाना तीस ते पन्नास वर्षांचा. पाइपलाइन किंवा कालव्यावरच्या प्रकल्पांसाठी आणखी सोपी वाट आहे आणि तिची मर्यादा २०१८ मध्ये पाच मेगावॅटवरून चाळीस मेगावॅटवर नेण्यात आली. पण तो कालवा मुख्यतः शेतीला, वस्तीला वा उद्योगाला पाणी पुरवण्यासाठी असावा लागतो, वीजनिर्मितीसाठी नव्हे. गिरणीचा पाट या व्याख्येत बसत नाही, असे एका वाक्यात सांगून ते पुढे गेले. हे योग्यच झाले.

केंद्र आणि राज्य यांच्यातील वाटणीचे प्रकरण मला थोडे अपुरे वाटले. आपल्या संविधानात पाणी राज्यसूचीत, आंतरराज्यीय नद्यांचे नियमन केंद्रसूचीत आणि वीज समवर्ती सूचीत आहे. ही पार्श्वभूमी मनात असलेल्या मराठी वाचकाला तिथली रचना तुलनेने समजावून सांगितली असती, तर फार उपयोग झाला असता. मूळ मुद्दे मात्र बरोबर आहेत. १९४६ च्या फर्स्ट आयोवा आणि १९९० च्या रॉक क्रीक या दोन्ही प्रकरणांत केंद्रीय परवान्यापुढे राज्याची परवानगी व राज्याने ठरवलेला किमान प्रवाह मागे पडले. परंतु स्वच्छ जल कायद्याच्या ४०१ व्या कलमाखाली राज्याला पाण्याच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र द्यायचे किंवा नाकारायचे असते, आणि त्या प्रमाणपत्रात किमान प्रवाहाची अटही घालता येते, असे १९९४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील जेफरसन काउंटीच्या प्रकरणात ठरले. म्हणजे राज्याचा शब्द एका वाटेने अडला, तरी दुसऱ्या वाटेने येतो. भाच्याला राज्याच्या मत्स्य खात्याशी आधीच बोलणी सुरू करावी लागतील, हा सल्ला त्यावरूनच दिलेला आहे.

कागदोपत्री कामाबद्दल थोडक्यात : इंग्रजी अहवाल ४६ पानांचा आहे आणि सोबत आठ पानांचा मराठी सारांश दिला. मराठी चांगले आहे, ओढूनताणून केलेले भाषांतर नाही. नकाशे मात्र फार लहान छापले होते, ते मी पुन्हा मागवून घेतले. तीन आठवड्यांच्या उशिराची आधी कल्पना दिली नाही, ही तक्रार मी त्यांच्याकडेही नोंदवली आणि शेवटच्या हप्त्यातून त्यांनी स्वतःहून पाच हजार रुपये कमी केले.

ज्याला केवळ "परवाना लागेल का, हो की नाही" एवढेच एका ओळीत हवे आहे, त्याने इतके पैसे खर्च करू नयेत. ज्याच्या हातात प्रत्यक्ष बंधारा आहे आणि पुढे आयोगासमोर जायचे आहे, त्याला ही सेवा उपयोगी पडेल, मात्र पहिला मसुदा जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय स्वीकारू नये. पहिल्या भेटीतच नदी कोणती, जमीन कोणाची, टर्बाइन शेवटचे कधी चालले आणि तार कुठे जाते, हे चार प्रश्न सल्लागाराने विचारले नाहीत, तर ते आपण विचारावेत.

अधिकारक्षेत्राचा प्रश्न आयोगाकडूनच ठरवून घेण्यासाठी हेतुघोषणा दाखल करण्याची तरतूद कायद्यात आहे. भाच्याने तोच मार्ग निवडला असून तिचा मसुदा करण्याचे काम मी याच कार्यालयाकडे दिले आहे. या वेळी करारात पहिल्या मसुद्याची तारीख लिहून घेतली आहे, आणि पेन्सिलीची ती आकृती स्वच्छ काढून, खांबापर्यंतच्या तारेसह, अर्जासोबत जोडायला सांगितले आहे.