जुना संशोधन-कोड आणि ‘यूव्ही’: तारीख सांगून काम करून घेणारे साधन

संशोधनलेखासोबत दिलेला पायथन कोड दोन-तीन वर्षांनी चालवायला घेतला की तो बहुधा पहिल्या काही ओळींतच, म्हणजे लायब्रऱ्या (इतरांनी लिहिलेले तयार कोड-संच) आत घेणाऱ्या इम्पोर्टपाशीच अडतो. दोष कोडचा नसतो. कोडला काय काय लागते हे सांगणाऱ्या रिक्वायरमेंट्सच्या फाइलीत लायब्रऱ्यांची नुसती नावे असतात, आवृत्त्या नसतात, आणि इन्स्टॉलर आजच्या आवृत्त्या आणून बसवतो. असा कोड पुन्हा उभा करणे हे माझे नेहमीचे काम असल्याने त्या कामापुरतेच मी पायथनची पॅकेजेस, म्हणजे लायब्रऱ्या, बसवणाऱ्या ‘यूव्ही’ या साधनाचे परीक्षण करत आहे. ॲस्ट्रल कंपनीने रस्ट भाषेत लिहून फेब्रुवारी २०२४ मध्ये खुले केलेले हे साधन पिप या पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरपेक्षा पुष्कळ वेगवान आहे, हे खरे. पण मी ते वापरतो ते ‘एक्सक्लूड-न्यूअर’ या एका पर्यायासाठी.

या पर्यायाला एक तारीख द्यायची, म्हणजे त्या तारखेनंतर अपलोड झालेली पॅकेजेस जणू अस्तित्वातच नाहीत असे धरून यूव्ही आवृत्त्यांची निवड करते. उदाहरणार्थ, नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतील ‘एनपी.फ्लोट’ हे टोपणनाव डिसेंबर २०२२ च्या १.२४ या आवृत्तीत काढून टाकले गेले. तेवढीच अडचण असेल तर कोडमध्ये एक शब्द बदलून भागते. परंतु जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० ने बायनरी सुसंगतता (आधी कंपाइल झालेल्या कोडशी जुळणे) हीच मोडली, त्यामुळे १ मालिकेवर कंपाइल झालेल्या लायब्रऱ्या तिच्यासोबत चालत नाहीत, आणि तेथे एकेक आवृत्ती हाताने मागे नेत बसण्यापेक्षा सगळा संच एकदम कोड लिहिला गेला त्या काळात, समजा २०२१ मध्ये, नेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते. तारीख मात्र लेखाच्या प्रकाशनाची घेऊ नये, कोडमधील शेवटच्या खऱ्या बदलाची घ्यावी. (रीडमी या माहितीच्या फाइलीतले स्पेलिंग सुधारणारी कमिट, म्हणजे बदलाची नोंद, हा खरा बदल नव्हे.)

पायथनची आवृत्ती वेगळी सांगावी लागते, हे विसरले की फजिती होते. २०२१ च्या नमपायची तयार बांधणी पायथन ३.१२ साठी उपलब्धच नसल्याने ती सोर्सपासून बांधण्याचा प्रयत्न होतो, आणि ३.१२ मधून डिस्टयूटिल्स हे पॅकेज बांधण्याचे जुने मोड्यूल काढून टाकलेले असल्यामुळे तो फसतो. हवा तो इंटरप्रिटर, म्हणजे पायथनची हवी ती आवृत्ती, यूव्ही स्वतःच उतरवून घेते, ही मोठी सोय आहे. आवृत्त्या जुळत नसतील तर कोणाची अट कोणाला आडवी येते, हेही ते वाचता येईल अशा वाक्यांत सांगते.

ग्राफिक्स कार्डापुढे मात्र तारखेचे काही चालत नाही. एनव्हिडियाच्या अँपियर पिढीच्या कार्डांना कूडा (कार्डावर गणन करण्याची एनव्हिडियाची प्रणाली) ११ पासून आधार मिळाला. त्यामुळे कूडा १०.१ वर बांधलेली पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीची आवृत्ती तारखेप्रमाणे बिनचूक बसली, तरी नव्या कार्डावर बहुधा चालत नाही. अशा वेळी मी पायटॉर्च तेवढे नवे ठेवतो, बाकीचा संच जुना ठेवतो आणि निकालांत दशांश चिन्हापुढे थोडा फरक पडेल हे गृहीत धरतो. शिवाय ज्या पॅकेज-सूचीत अपलोडची तारीख नोंदलेली नसते, तेथे हा पर्याय निरुपयोगी आहे.

पायथनबाहेरची अवलंबने, उदाहरणार्थ फोरट्रानचा कंपायलर किंवा आर भाषेतील पॅकेजेस, असतील तर कोंडा हे पायथनबाहेरची पॅकेजेसही बसवणारे साधनच घ्यावे. टेन्सरफ्लो या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या १.१५ या आवृत्तीला पायथन ३.७ किंवा त्याहून जुने पायथन लागते, तेथेही मला कोंडा अधिक भरवशाचे वाटते. कोंडा संथ आहे ही तक्रार आता जुनी झाली, कारण २०२३ मधील २३.१० या आवृत्तीपासून त्यात लिबमांबा हा वेगवान सॉल्व्हर (जुळणाऱ्या आवृत्त्या शोधणारा भाग) मूळचाच आहे.

यूव्हीच्या लॉक फाइलीत, म्हणजे निवडलेल्या आवृत्त्यांच्या नोंदीत, प्रत्येक पॅकेजच्या आवृत्तीबरोबर वापरलेली तारीखही नोंदली जाते. कोड चालू लागला की ती फाइल मी मूळ रिपॉझिटरीला (लेखकांच्या कोडच्या साठ्याला) पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, म्हणून पाठवून देतो. काही लेखक ती स्वीकारतात, पुष्कळांनी तोवर रिपॉझिटरी उघडणेच सोडलेले असते.