उसन्या वस्तूंना वेगळा क्रमांक: आठ महिने वापरल्यावर

आमच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी बाहेरून उसन्या आलेल्या वस्तूंना आम्ही पूर्वी देणाऱ्याचाच क्रमांक चालवायचो. कशाला दुहेरी काम, असं वाटायचं. मग एका प्रदर्शनाला दोन संग्राहकांकडून वस्तू आल्या आणि दोघांच्याही यादीत '१२' निघाला. एकाचा १२ म्हणजे पितळी डबी, दुसऱ्याचा १२ म्हणजे त्या डबीचं झाकण वाटावी अशी छोटी बशी. परतीच्या पॅकिंगच्या वेळी बशी चक्क डबीवर बसवून चुकीच्या घरी निघाली होती. गाडीला उशीर झाला म्हणून लक्षात आलं.

त्यानंतर ही पद्धत घेतली. क्रमांक असा दिसतो: उ.२०२५.०३.००७. उ म्हणजे उसनी, पुढे साल, त्या सालातली कितवी उसनवारी आणि शेवटी वस्तू. सुट्या भागांना अक्षर: डबी क, झाकण ख. सुरुवातीचा 'उ' शोभेचा नाही. आमच्या स्वतःच्या संग्रहाचे क्रमांकही साल-खेप-वस्तू असेच चालतात, त्यामुळे अक्षर गाळलं की पाहुणी वस्तू घरची दिसायला लागते. एकदा घाईत गाळलं गेलं आणि ती वस्तू तीन दिवस आमच्याच भांडारातल्या कपाटात होती.

आकड्याआधीची शून्यं (००७ मधली) मी सुरुवातीला आळसाने लिहीत नव्हतो. स्प्रेडशीटने धडा शिकवला. यादी क्रमाने लावली की १ नंतर थेट १०, मग ११, आणि २ कुठेतरी खाली. त्याहून वाईट म्हणजे एका रकान्यात फक्त '३.१०' लिहिलं होतं, ते संख्या समजून त्याचं '३.१' झालं. आता तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवतो आणि शून्यं न चुकता लिहितो.

टॅगच्या बाबतीत मात्र कसलीही सवलत नाही. स्वतःच्या वस्तूवर आपण पॅरालॉइड बी-७२ चा (पारदर्शक, नंतर काढता येणाऱ्या ॲक्रिलिक रेझिनचा) थर देऊन वर शाईने क्रमांक घालू शकतो. उसन्या वस्तूवर काहीही लिहायचं नाही, चिकटवायचंही नाही. आम्लमुक्त जाड कागदाचा टॅग, सुती फीत आणि २बी पेन्सिल. बांधायला जागाच नसेल तर क्रमांक ट्रेवर, आणि ट्रेसकट फोटो. देणाऱ्याची जुनी चिकटपट्टी कितीही कळकट असली तरी काढत नाही, तिच्यावर जे आहे ते जसंच्या तसं नोंदवतो.

या नोंदीचा रकाना मी आधी अगदी शेवटी ठेवला होता. तोच सगळ्यात जास्त लागतो, कारण देणाऱ्याला आमच्या 'उ'शी काही देणंघेणं नसतं. फोन येतो तो, "माझी बारा नंबरची कुठे ठेवलीये?" असा. आता तो रकाना आमच्या क्रमांकाला लागूनच आहे.

चुकलं ते दाखल करण्याच्या टप्प्यावर. ब्रिटनमधल्या कलेक्शन्स ट्रस्टच्या 'स्पेक्ट्रम' या संग्रहालयांच्या कामकाजाच्या मानकात वस्तू दाखल करून घेणं आणि वस्तू उसनी घेणं या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. आम्ही दोन्ही एकाच फॉर्मवर कोंबल्या. पेटी आली की ती इथल्या हवेशी जुळावी म्हणून दिवसभर न उघडता ठेवतो. त्या दिवसात आत काय आहे हे कुणी पाहिलेलं नसतं, तरी फॉर्म भरायचा म्हणून यादीवरून वस्तूंचे क्रमांक देऊन टाकले जायचे. एकदा यादीत नऊ, उघडल्यावर दहा. दहावा होता एका मूर्तीचा लाकडी स्टँड. खोडाखोड झाली. हल्ली पहिल्या दिवशी फक्त पेटीला क्रमांक; वस्तूंचे क्रमांक पेटी उघडल्यावर, स्थितीची तपासणी आणि फोटो काढतानाच. स्टँड मूर्तीचाच 'ख' झाला.

पूर्वी यादीवरून क्रमांक दिला आणि वस्तू आलीच नाही, असा क्रमांक दुसरीला देत नाही, तिथे 'आली नाही' असं लिहून सोडतो. नोंदवहीत भोकं दिसतात, दिसू देत. उसनी वस्तू पुढे भेट म्हणून मिळाली तर तिला संग्रहाचा नवा क्रमांक द्यायचा आणि जुना 'उ' नोंदीत राहू द्यायचा, हेही ठरवलंय. अजून तशी वेळ आलेली नाही.

मुदतवाढीचं तेवढं जमलेलं नाही. क्रमांक तोच राहतो, परतीची तारीख बदलते, आणि आम्ही रकान्यात एकच तारीख मावेल इतकी जागा सोडली होती. एका खेपेची मुदत दोनदा वाढली, तिथे आता काट मारलेल्या दोन तारखा आणि समासात बारीक अक्षरात तिसरी आहे. विम्याची मुदत त्यातल्या कुठल्या तारखेपर्यंत, हे बघायला दर वेळी करारच काढावा लागतो.