श्वानाचा उलटलेला लिम्फोमा: लोमुस्टिन की रॅबॅकफोसाडिन?
पहिले उपचार संपून बराच काळ लोटल्यावर लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) उलटला, तर तीच औषधे पुन्हा देणे बहुधा श्रेयस्कर. ती निष्प्रभ ठरली, की लोमुस्टिन आणि रॅबॅकफोसाडिन या दोन कर्करोगविरोधी औषधांपैकी कोणते द्यावे, हा प्रश्न उभा राहतो. लोमुस्टिनची कॅप्सूल साधारण तीन आठवड्यांनी तोंडाने देता येते (ती फोडू नये, हातमोजे घालूनच द्यावी) आणि तुलनेने स्वस्त पडते. मात्र ती यकृताला नकळत इजा करते, म्हणून प्रत्येक मात्रेपूर्वी रक्तातील एएलटी (यकृताची इजा दाखवणारे विकर) व पांढऱ्या पेशी तपासाव्याच लागतात. अमेरिकेत २०२१ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेले रॅबॅकफोसाडिन दर २१ दिवसांनी शिरेतून, जास्तीत जास्त ५ वेळा देतात. ते महाग आहे, शिवाय फुप्फुसांचा क्वचित होणारा फायब्रोसिस (ऊती कडक होणे) जीवघेणा ठरू शकत असल्याने त्याला मुळातच बळी पडणाऱ्या वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर जातीच्या श्वानाला ते वर्ज्य आहे. यकृत आधीच दुबळे असेल, तर मात्र माझा कौल रॅबॅकफोसाडिनला.