भंगारातला मांडव: सायकलची रिम, लोखंडी बाज आणि बाकीचे उमेदवार

वेलाच्या आधारासाठी भंगारच्या दुकानात गेलं की नजर आधी मजबुतीवर जाते. जाड नळी, जड गज, भक्कम चौकट. वेलाला मात्र पकड लागते. कारलं, दोडका, काकडी, दुधी तणाव्यांनी, म्हणजे वेलाच्या वळणाऱ्या बारीक तंतूंनी, चढतात. पेन्सिलीएवढ्या किंवा त्याहून बारीक वस्तूला तणावा सहज वेढा घालतो आणि दोन इंची नळीवरून घसरतो. घेवडा, चवळी, वाल, गोकर्ण यांना तणावे नसतात. त्यांचा शेंडाच आधाराभोवती फिरत वर जातो. त्यांना अंगठ्याएवढी काठीही चालते, पण ती उभी हवी. नुसत्या आडव्या तारांवर घेवडा चढत नाही, लोंबतो. म्हणून पुढचा प्रत्येक कौल अमुक वेलासाठी म्हणून दिला आहे.

सायकलच्या रिमांचा मनोरा: घेवडा, चवळी, गोकर्णासाठी पहिली पसंती

जुन्या २८ इंची काळ्या सायकलीच्या दोन रिमा घ्याव्यात, शक्यतो मागच्या चाकाच्या. या सायकलींच्या मागच्या चाकाला ४० आरे असतात, पुढच्याला ३२. रिम जरा वाकडी असली तरी बिघडत नाही. आऱ्यांच्या भोकांभोवतीचा पत्रा मात्र नीट पाहावा. तिथे गंज खोल गेला असेल तर दोरीच्या ताणाने भोक फाटतं.

खालच्या रिमेचे आरे काढायचे. निप्पल, म्हणजे आऱ्याच्या टोकाची छोटी नट, आतल्या बाजूने स्क्रूड्रायव्हरने सुटतात. गंजून धरले असतील तर आरे कटरने तोडावे लागतात. एका बाजूने ओळीने तोडत जाऊ नये. समोरासमोरचे आलटून पालटून तोडावेत, कारण आरे ताणलेले असतात आणि तुटताना उसळतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. निघालेले आरे टाकू नयेत. त्यांचे वाकवून उत्तम आकडे होतात.

वरच्या रिमेचे आरे आणि हब (चाकाचा मधला तुंबा) तसेच ठेवायचे. मध्ये उभी करायची पाऊण इंची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) नळी, साडेसात फूट लांब: दीड फूट जमिनीत, सहा फूट वर. हबच्या अॅक्सलचं (मधल्या दांडीचं) खालचं टोक नळीच्या तोंडात जातं, पण सैल बसतं. त्यावर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून लाकडी हातोड्याने ठोकलं की पक्कं होतं.

इथे एक चूक हमखास होते. हब फिरायलाच बनलेलं असतं. वाऱ्याने वरची रिम थोडी थोडी वळते, दोऱ्यांना पीळ बसतो आणि पंधरा दिवसांत सगळा मनोरा कमरेत आवळल्यासारखा दिसू लागतो. म्हणून बसवण्याआधीच अॅक्सलवरच्या दोन्ही बाजूंच्या कोन नावाच्या नटा पान्याने इतके आवळायचे की हब जागीच जाम व्हावं. तेवढ्याने भागलं नाही तर समोरासमोरचे दोन आरे बाइंडिंग तारेने खाली नळीला ताणून बांधावेत.

खालची रिम जमिनीवर ठेवून ८ गेज तारेच्या (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड) चार आकड्यांनी ठोकून बसवायची. मग खाली एक भोक सोडून एक आणि वर समोरच्या आऱ्याला रिमेलगत वळसा, असं सुतळी ओवत जायचं. ४० भोकांत २० दोऱ्या होतात. प्रत्येक सहा फूट म्हणजे १२० फूट, गाठी आणि वळसे धरून दीडशे फूट सुतळी पुरते. रिमेचा घेर साधारण दोन मीटर, तेव्हा दोन दोऱ्यांत १० सेंटिमीटर अंतर पडतं. घेवड्याला एक दोरी सोडून एक, अशी दहा रोपं बसतात. वाल फोफावतो, त्याची पाचच लावावीत. कारल्याची तीन पुरे, आणि दुधी या मनोऱ्यावर चढवूच नये. दीड-दोन किलोची पाच-सहा फळं एका बाजूला आली की पावसाने मऊ झालेल्या जमिनीत नळी कलते.

सुतळी भिजली की आखडते, वाळली की सैल पडते. मे महिन्यात तारेसारखी ताणून बांधलेली सुतळी जूनच्या पहिल्या चांगल्या पावसात खालचे आकडे उपटू शकते. बोटाने दाबल्यावर दोनेक इंच आत जाईल एवढी ढील ठेवावी. सुतळी एक हंगाम टिकते आणि घेवड्याला तेवढंच हवं असतं. गोकर्ण दोन-तीन वर्षं ठेवायची असेल तर काथ्याच वापरावा. तो खरखरीत असल्याने पकडही चांगली मिळते.

लोखंडी बाज: दोडका, कारलं, काकडी यांच्यासाठी याहून चांगलं काही नाही

नवार किंवा पट्ट्या कुजल्या की बाज भंगारात जाते, पण तिची सहा बाय तीन फुटांची चौकट अजून बरीच वर्षं काम देऊ शकते. दोन सारख्या बाजा घेऊन त्या वरच्या टोकाला एकमेकींना टेकवायच्या आणि जुन्या तंबूसारख्या उभ्या करायच्या. बुडाशी चार फूट अंतर ठेवलं की उंची पाच फूट आठ इंचांच्या आसपास येते. अंतर सहा फूट केलं तर उंची सव्वापाच फुटांवर उतरते आणि उतार इतका निजतो की फळं लोंबण्याऐवजी तारांवर टेकतात. टेकलेली काकडी वाकडी होते आणि टेकलेल्या जागी पिवळी पडते.

वरचा जोड बाइंडिंग तारेने बांधायचा असेल तर तीन ठिकाणी बांधावा आणि प्रत्येक ठिकाणी इंग्रजी आठच्या आकाराचे चार वेढे द्यावेत. साधा गोल वेढा वाऱ्याने घासून तुटतो. बाजेचे पाय आतल्या बाजूला ठेवावेत, म्हणजे बाहेरून तोडणीला अडचण होत नाही. खालचे चारही कोपरे फरशीच्या तुकड्यांवर टेकवावेत. नळी थेट मातीत गेली तर ती रुतते आणि गंजही तिथूनच धरतो.

प्रत्येक चौकटीवर फुटाफुटावर पाच आडव्या तारा, १४ गेजच्या. दोन्ही मिळून साधारण ४० फूट तार लागते, म्हणजे वजनाने ३०० ग्रॅम. त्यांच्यावरून सहा-सहा इंचांवर उभी सुतळी. फळाचं वजन तारा पेलतात, सुतळी फक्त वेलाला वर जायची वाट दाखवते. नुसत्या सुतळीवर दोडका चढवला की ऐन भरात मधोमध झोळ पडतो.

घेताना बाजेवर हातोडीने टिचकी मारून पाहावी. चांगली नळी खणखणते, आतून गंजलेली भद्द वाजते. पोकळ नळीत पाणी साचून ती आतून कुजते, म्हणून प्रत्येक उभ्या नळीच्या तळाशी एक भोक मोकळं असू द्यावं. तंबूची लांबी उत्तर-दक्षिण ठेवली तर सकाळचं ऊन एका अंगाला, दुपारचं दुसऱ्या अंगाला मिळतं. आतल्या सावलीत पालक किंवा कोथिंबीर उन्हाळ्यातही बरी तग धरते.

पडवळासाठी मात्र ही उंची कमी पडते. त्याला सहा फुटांच्या वर सपाट मांडवच हवा आणि टोकाला दगड बांधायचा तर खाली मोकळी जागाही.

द्राक्षबागेची तार आणि अँगल

नाशिक, सांगली, सोलापूर भागात जुनी द्राक्षबाग काढली की लोखंडी अँगल आणि ८ ते १२ गेजच्या तारा भंगारात येतात. परसातल्या सपाट मांडवासाठी हा माल अव्वल आहे. तार मात्र वेटोळं उलगडून तपासावी. जिथे ती अँगलवरून वळलेली होती तिथला जस्ताचा थर गेलेला असतो आणि नेमकी तिथेच ती पुढे तुटते. तेवढे भाग कापून टाकावेत. तार खांबावर घासते तिथे १६ मिलीमीटरच्या जुन्या ठिबक नळीचा वीतभर तुकडा आधीच ओवून ठेवला की नवी झीज थांबते. ठिबक नळीचा खरा उपयोग एवढाच. नुसत्या नळीची कमान उन्हात मऊ पडून लोळते. आतून ८ गेज तार घातली तर काकडीपुरती चालते.

बाकीचे

मांडव-डेकोरेशनचा किंवा परांचीचा टाकाऊ बांबू घेण्यासारखा आहे, पण पेराजवळ पिवळसर भुकटी दिसली तर घरी आणू नये. भुंगा बाकीच्या बांबूंनाही लागतो. वरचं टोक नेहमी पेराच्या लगत वर कापावं. पेराच्या वर चार बोटं पोकळी राहिली तर तिथे पाणी साचून डास होतात. मातीत जाणाऱ्या बुडख्याला डांबर लावावं. काही जण जळकं इंजिन ऑइल लावतात. ते झिरपून मातीत जातं, भाजीच्या वाफ्यात नकोच.

पीव्हीसी नळी एकटी वापरू नये. ती गुळगुळीत असते, आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी ठिसूळ होऊन वाऱ्यात एकदम मोडते. वापरायचीच असेल तर आत वाळू भरून, बाहेरून काथ्या गुंडाळून.

टेबल फॅनची जाळी कुंडीतल्या गोकर्णीला शोभते. भाजीसाठी ती लहानच.

जुन्या लोखंडी ग्रिलबद्दल एक गंभीर इशारा. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं. असा रंग वाफ्याशेजारी खरवडू नये. कागद अंथरून, मास्क लावून, आधी ओला करून खरवडावा आणि भुकटी मातीत पडू देऊ नये. मग रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट.

गच्चीवर खड्डा खणता येत नाही, तिथे २० लिटरची रंगाची रिकामी बादली कामाला येते. सहा किलो सिमेंट, मापाने त्याच्या दुप्पट वाळू, चौपट खडी; मध्ये नळी ओळंब्यात उभी करून सात दिवस पाणी मारायचं. भरलेली बादली ४० किलोंच्या वर जाते, म्हणून जागेवर ठेवूनच भरावी आणि तीही गच्चीच्या मध्यावर न ठेवता कठड्याच्या बाजूला, तुळईवर. मनोऱ्याला कठड्याकडून एक तरी ताणतार द्यावी. पाण्याच्या पाइपला बांधू नये.

कोकणात सहज मिळणारं मासेमारीचं जुनं जाळं शेवटी ठेवलं, कारण ते घेऊ नये असाच कौल आहे. बारीक घरांत कोवळी काकडी अडकून वाढते आणि तोडताना फुटते, पण मुख्य कारण वेगळं आहे. जमिनीलगतच्या सैल जाळ्यात धामण आणि सरडे अडकून मरतात. दुसरा इलाजच नसेल तर निदान चार इंची घरांचं, ताठ ताणलेलं आणि जमिनीपासून फूटभर वर बांधलेलं असावं. हंगाम संपला की वाळका वेल नायलॉनमधून सोडवता सोडवता दुपार जाते. सुतळीचं तसं नाही: रिमेजवळ वर-खाली कापली की वेलासकट गुंडाळून कंपोस्टच्या खड्ड्यात.